सावरीवरचे पाहुणे

सरपणाला, गुरांमागे, काजूच्या बागेत आपण रानात जातोच. पण नुसते पक्षी बघायला कोण जातं? फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या गटातल्या सात जणी गेलो. घरचे हसले. पण जे कळलं ते सगळ्यांना सांगण्यासारखं आहे.

साडेसहाला ओढ्यावर पोचलो. रात्रभर उपाशी असलेले पक्षी सकाळी खाणं शोधत फिरतात, म्हणून नऊपर्यंतची वेळ चांगली. भडक कपडे नकोत, मोबाईलचा आवाज बंद, बोलणं कुजबुजत. हेच आम्हाला सगळ्यात जड गेलं!

ओढ्यात दगडावर करडा धोबी होता. पोट पिवळं, शेपटी सारखी वरखाली. आपल्याला वाटतं हा इथलाच. पण तो हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. तिकडे बर्फ पडलं की किडे मिळत नाहीत. म्हणून थंडीत इकडे यायचं आणि उन्हाळ्यात परत जाऊन पिल्लं वाढवायची. यालाच स्थलांतर म्हणतात. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं हंगाम संपला की घरी परततात, तसंच.

पुढे काटेसावर लागली. पान एक नाही, नुसती लाल फुलं. झाडावर बाजारच भरला होता. साळुंक्या, बुलबुल, कावळे आपले नेहमीचे. हिमालयाकडून आलेला राखी कोतवाल पाहुणा. आणि भोरड्या तर साठ मोजल्या! अंग गुलाबी; डोकं, पंख, शेपटी काळी. त्या मध्य आशियातून ऑगस्ट-सप्टेंबरपासून येतात आणि एप्रिलपर्यंत परततात. घाटावर ज्वारी खातात म्हणून बाया त्यांना गोफणीने हाकलतात, पण त्या नाकतोडेही फस्त करतात.

एवढ्या लांब जायचं तर अंगात चरबी साठवावी लागते. तेच त्यांचं डिझेल. नेमक्या त्याच वेळी सावर, पांगारा, पळस फुलतात आणि पक्ष्यांना मध मिळतो. मध पिताना ते एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलावर नेतात. मग बोंडं धरतात आणि आपल्याला उशीचा कापूस मिळतो.

कोकणात बऱ्याच गावांत होळीला सावर तोडतात. आमच्या वाडीत पाच सावरी होत्या, आता दोन उरल्या. मासिक बैठकीत विषय घेतला. एक काकी म्हणाल्या, "होळी तर झालीच पाहिजे, जुनी रीत आहे." खरंच आहे. मग ठरलं: होळीला वाळकं लाकूड घ्यायचं, फुललेली सावर राखायची, पावसात दहा रोपं लावायची. गावकीशी बोलणं अजून बाकी आहे. आम्ही सातही जणी जाणार आहोत.

तुम्हीही एक दिवस काढा. हिशेबाची वही आपण ठेवतोच, तशीच पक्ष्यांची ठेवा: तारीख, जागा, पक्षी, किती दिसले. नाव माहीत नसेल तर रंग लिहा. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा पाहुणे नुकतेच आलेले असतात. आणि होळीच्या आधी आपल्या वाडीत किती सावरी उरल्यात, तेवढं मोजून पुढच्या बैठकीत सांगा.