वाचनालयाची पायरी

आज कर्जाचा हप्ता, व्याज, बँकेची कागदपत्रं यातलं काही सांगणार नाही. आज वाचनालयाविषयी बोलायचं आहे.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "मॅडम, मी सातवी शिकले. वाचता येतं मला. पण वाचायला मिळतं काय? खताच्या गोणीवरचं आन् गोळ्यांच्या पाकिटावरचं." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते बोलणं डोक्यातून गेलं नाही. कारण त्या गावात वाचनालय आहे. सकाळी तिथं पुरुष मंडळी पेपर वाचतात, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. बाई मात्र त्या पायरीवर दिसत नाही. तिला कुणी मनाई केलेली नाही, पण या म्हणून कुणी बोलावलेलंही नाही.

आपण म्हणतो, लेखक जन्मावाच लागतो. असेलही. पण जन्मलेल्या लेखकाच्या हातात छापलेला कागद पडावा लागतो. ज्यांच्या हातात तो पडला, अशा दोघींची गोष्ट सांगते.

पहिल्या आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या, ताराबाई शिंदे. त्यांच्या लहानपणी तिथं मुलींची शाळा नव्हती. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते. त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. घरात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं होती, आणि ती वाचायची तिला मोकळीक होती. पुढे सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला चालला. त्यावरून सगळ्या बाईजातीलाच नावं ठेवणारा मजकूर वर्तमानपत्रात आला. ताराबाईंना तो सहन झाला नाही. त्यांनी उत्तर लिहिलं, 'स्त्री-पुरुष तुलना'. ते १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. पेपर घरात आलाच नसता, तर उत्तर तरी कशाला दिलं असतं?

पण पुढे काय झालं, तेही ऐका. हे पुस्तक लोक विसरून गेले. नव्वदहून अधिक वर्षांनी, १९७५ साली, अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. जुनी प्रत कुठेतरी जपली गेली होती, म्हणूनच हे होऊ शकलं. वाचनालयाचं हे दुसरं काम. ते लिहिणारीला घडवतं, आणि ती गेल्यावर तिचं लिहिलेलं जपतंही.

दुसऱ्या फलटणच्या बेबीताई कांबळे. शिक्षण जेमतेम प्राथमिक, लग्न लहान वयात, पदरी लेकरं, आणि दलित वस्तीत छोटं किराणा दुकान. माल बांधून द्यायला रद्दी यायची. पुडी बांधण्याआधी बेबीताई तो कागद वाचायच्या. ती रद्दी म्हणजे त्यांचं वाचनालयच होतं म्हणा ना. मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या स्वतः लिहू लागल्या. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेलं लपवून ठेवायच्या. अशी सुमारे वीस वर्षं गेली. शेवटी १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक निघालं, 'जिणं आमचं'. आज ते इंग्रजीतही वाचलं जातं.

एकीला वडिलांचं घर लाभलं, दुसरीला रद्दी. हा दैवाचा भाग झाला. वाचनालय असतं ते यासाठीच, की ज्यांच्या घरी पुस्तक नाही, त्यांना दैवाची वाट बघावी लागू नये.

आपल्या मराठवाड्याला तर हे वेगळं सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. सभा घ्यायची तर परवानगी काढावी लागे. त्या काळात लोकांनी वाचनालयं काढली आणि मराठी पुस्तकं वाचती ठेवली. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता असलेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे ते आपल्याही पैशातून चालतं. तिथं जाणं हे कुणाचे उपकार नव्हेत.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. एकटीला पायरी चढायला अवघड वाटतं, म्हणून चार-पाच जणी मिळून जा. वर्गणी किती, अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, हे विचारून घ्या. दुपारची किंवा संध्याकाळची एक वेळ बायांसाठी ठेवता येईल का, तेही विचारा. गावात वाचनालय नसेल किंवा असून बंद असेल, तर जालन्याला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. ग्रामसंघाचा ठराव करून तिथं अर्ज द्या.

आणलेलं पुस्तक बैठकीत पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचा. ज्यांना अक्षर येत नाही, त्यांना ऐकायला मिळेल. आणि हिशोबाच्या वहीशेजारी एक कोरी वही ठेवा. ऐकून जिला जे आठवेल, ते तिनं लिहावं. लिहिता येत नसेल तर सांगावं, दुसरीनं लिहून घ्यावं. दुष्काळात जनावरं कशी जगवली, ऊसतोडीला गेल्यावर लेकरं कुणाकडे ठेवली, हे आपल्याशिवाय कोण लिहिणार?

मी त्या ताईंना शब्द दिला आहे. येत्या बैठकीनंतर आम्ही दोघी मिळून त्या वाचनालयात जाणार आहोत. तुमच्या गावात कोण कोण निघतंय, ते आम्हाला नक्की कळवा.