फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतील अनोळखी आवाजाचा शोध

व्यापारी कुटुंबात गाडी ही हौसेची वस्तू असली, तरी प्रथम ती पेढीची नोकर असते. खरेदीच्या हंगामात ती मुनीमजींना घेऊन खेडोपाडी हिंडते, वसुलीला जाते आणि रविवारी घरातील वृद्धांना व मुलांना घेऊन घाट उतरते. आजरा, चंदगड, सावंतवाडी या बाजूंना ज्यांचा व्यवहार आहे, त्यांना पावसाळ्यात चिखलातून निघण्यासाठी चारही चाकांना जोर देणारी गाडी लागते. अशा गाडीतून एके दिवशी ओळखीचा नसलेला आवाज येऊ लागला, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या बिलाचा नसतो. आंबोलीच्या वळणावर चाकाने दगा दिला, तर त्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

गडहिंग्लज परिसरातील एका काजू व्यापाऱ्याच्या कुटुंबात असाच प्रसंग आला. पावसाळा सरता सरता गाडीतून भुंग्यासारखा ‘घूं’ असा आवाज येऊ लागला. ताशी 50 किलोमीटरच्या आसपास तो सुरू होई आणि वेगाबरोबर चढत जाई. मेस्त्रीने एक फेरी मारली आणि ट्रान्सफर केस उतरवून उघडावी लागेल, असा निर्णय दिला. थोरला मुलगा गाडी सोडून येण्यास निघाला होता. वडिलांनी एवढेच विचारले, की बिघाड तिथेच आहे हे ठरले कशावरून? त्याचे उत्तर मेस्त्रीजवळ नव्हते.

वडिलांचा प्रश्न जमाखर्चाच्या सवयीतून आलेला होता. तेरीज जुळत नसेल, तर जाणता मुनीम सगळ्या वह्या पुन्हा तपासत बसत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर आकडे उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय येतो. 5,720 ऐवजी 5,270 लिहिले की फरक 450 येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला पडली असावी. गाडीच्या आवाजाचेही तसेच आहे. तो कुठून येतो हे कानाने ठरवू पाहणारा बहुधा फसतो, कारण लोखंडी सांगाड्यातून आवाज दूरवर प्रवास करतो आणि पुढच्या चाकाचा आवाज मागच्या आसनाखाली ऐकू येतो. तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे पाहणारा मात्र लवकर पोहोचतो.

पहिला प्रश्न असा, की आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकांच्या वेगाबरोबर? मोकळ्या, सपाट रस्त्यावर आवाज सुरू असताना गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा. इंजिन मंदावले तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन व क्लच संशयातून सुटतात. किल्ली मात्र बंद करू नये. स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही लवकरच संपते. त्यानंतर ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना काय फरक पडतो ते पाहावे. डिफरन्शियलचे दाते झिजले असतील, तर बारीक, लांबट सूर निघतो आणि जोर देताना वा सोडताना तो स्पष्ट बदलतो. काजू व्यापाऱ्याच्या गाडीत यांपैकी काहीच घडले नाही. न्यूट्रलमध्ये आवाज तसाच राहिला, जोर दिला वा सोडला तरी तसाच राहिला.

आता फोर-व्हील-ड्राइव्हचा स्वतःचा भाग येतो. आपल्याकडील अशा अनेक गाड्यांत हा जोर कायम नसतो. चालक टू-एच, फोर-एच व फोर-एल यांतून निवड करतो. फोर-एचमध्ये ट्रान्सफर केस पुढच्या व मागच्या शाफ्टला एकाच गतीने बांधून टाकते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबची वाट कापतात. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक पचवतात, कोरड्या डांबरावर तो पचत नाही. शाफ्टमध्ये पीळ भरतो, स्टिअरिंग जड होते आणि पीळ सुटताना ‘ठक्’ असा दणका ऐकू येतो. हा आवाज ऐकून कित्येकांनी धास्ती घेतली आहे. वस्तुतः तो बिघाड नव्हे, चुकीचा वापर होय, आणि तो चालू ठेवला तर बिघाड ओढवून घेता येतो. मागचे दोन टायर नवे आणि पुढचे दोन झिजलेले ठेवण्याची काटकसरही अशा गाडीत महाग पडते, कारण चाकांचे घेर जुळत नाहीत.

म्हणून टू-एच व फोर-एच यांची तुलना कच्च्या, निसरड्या वाटेवरच करावी. फोर-एच लावताच आवाज येत असेल, तर पुढचा शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल किंवा ट्रान्सफर केस यांकडे पाहावे. फक्त टू-एचमध्ये कर्कश करकर येत असेल, तर पुढच्या चाकांचे आपोआप जुळणारे हब अर्धवट अडकले असण्याचा संभव असतो. रिव्हर्समधून पहिला गिअर टाकताना ‘खट्’ होत असेल आणि मंद वेगात चिमणीसारखी लयबद्ध चिवचिव येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंट क्रॉसमधील ग्रीस संपले असावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर देताना ‘कट्-कट्’ होत असेल, तर पुढच्या एक्सलच्या जॉइंटवरचे रबर फाटले आहे का ते पाहावे. आणि खडीच्या रस्त्यावरून आल्याबरोबर अंगावर काटा आणणारी किंचाळी सुरू झाली, तर बहुधा ब्रेकची डिस्क व तिच्यामागचा पत्रा यांत एक खडा अडकलेला असतो. त्यासाठी ट्रान्सफर केस उघडल्याची उदाहरणेही घडली असतील!

त्या कुटुंबाच्या गाडीत दोन्ही स्थितींत आवाज सारखाच आला. राहिले टायर आणि चाकांची बेअरिंग. या दोघांचे आवाज इतके सारखे असतात, की अनुभवी माणूसही चकतो. मुलाने पुढचे टायर मागे व मागचे पुढे बसवून पाहिले. आवाज जागचा हलला नाही. मग मोकळ्या रस्त्यावरच्या लांब, सौम्य वळणांवर त्याने लक्ष दिले. डावीकडे वळताना गाडीचे वजन उजव्या चाकांवर येते. तेव्हा ‘घूं’ वाढत होता आणि उजवीकडे वळताना जवळजवळ विरत होता. संशय उजव्या बाजूवर आला.

गाडी सपाट जागी उभी करून, मागच्या चाकांना ठोकळे लावून, पुढची उजवी बाजू जॅकने उचलली व खाली भक्कम स्टँड दिला. फोर-एच लावून अशा स्थितीत इंजिनाने चाक फिरवण्याचा मोह कोणी करू नये. जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून खाली ढकलतात. चाक वरून व खालून धरून हलवले, तेव्हा किंचित ढिलेपणा जाणवला. धाकट्याने आत बसून ब्रेक दाबला आणि ढिलेपणा नाहीसा झाला. दोष बॉल जॉइंटचा असता, तर तो राहिला असता. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले. स्प्रिंगमध्ये वाळू दळल्यासारखी खरखर उमटली.

मेस्त्रीने ते हब उघडले, तेव्हा बेअरिंगच्या रोलरवर तांबूस गंज व खड्डे होते. कारण त्या वर्षी ओढ्यातून घातलेल्या फेऱ्यांत होते. धावून तापलेले हब थंड पाण्यात शिरले, की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. हेच डिफरन्शियलच्या बाबतीतही घडते, म्हणून त्यांचे तेलही पाहिले गेले. पुढच्याचे तेल दुधासारखे पांढरट झालेले होते. ते लगेच बदलले आणि श्वासनळी साफ केली. बेअरिंगबरोबर सीलही नवे घातले, कारण जुने सील ठेवणे म्हणजे नव्या बेअरिंगला जुनेच दुखणे देणे. नट किती आवळायचा, हे गाडीच्या पुस्तकात पाहून ठरवले. फार आवळलेले बेअरिंग तापते, ढिले ठेवलेले खडखडते.

दुसऱ्या दिवशी मुलाने त्याच रस्त्यावर, त्याच वेगात गाडी नेली आणि तीच वळणे घेतली. ‘घूं’ नव्हता. ट्रान्सफर केसचे तेल तपासण्यासाठी थोडे काढले होते. ते स्वच्छ निघाले, आणि ती केस न उघडता तशीच राहिली.