मेणाच्या शिक्क्यातला वॉलेस

११ ऑक्टोबर १२९७. स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टन गावाहून एक लॅटिन पत्र निघालं. जायचं होतं उत्तर जर्मनीत, ल्यूबेक आणि हॅम्बुर्ग या शहरांच्या कारभाऱ्यांकडे. मजकूर असा: देवाच्या कृपेने आमचा देश इंग्रजांच्या तावडीतून लढून सोडवला आहे, तेव्हा तुमच्या व्यापाऱ्यांना कळवा की आमच्या बंदरांत माल घेऊन खुशाल या. पाठवणारे दोघे: अँड्र्यू मरे आणि विल्यम वॉलेस.

हो, तोच वॉलेस! मेल गिब्सनने 'ब्रेव्हहार्ट' सिनेमात तोंडाला निळा रंग फासून, घोडा उधळत ज्याला जगभर पोचवलं, तोच. पत्राच्या बरोबर एक महिना आधी, ११ सप्टेंबरला, त्याने इंग्लंडच्या फौजेची स्टर्लिंगला धूळधाण केली होती. आणि आता हा माणूस काय करतोय? लोकर आणि कातडी परदेशी जावी, बंदरांत पुन्हा जहाजं लागावीत, याची सोय लावतोय. तलवारीने मिळालेलं राज्य बाजारावाचून चार दिवस टिकणार नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. मला विचाराल तर सिनेमातल्या सगळ्या आरोळ्यांपेक्षा हे एक कोरडं व्यापारी पत्र जास्त थरारक आहे.

पण खरी गंमत पत्राला लावलेल्या मेणाच्या शिक्क्यात आहे. शिक्क्याच्या मागच्या बाजूला ताणलेलं धनुष्य आणि बाण आहे. त्यावरून हा माणूस मुळात तिरंदाज असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. भोवतीच्या अक्षरांत आहे मालकाची ओळख: विल्यम, अॅलन वॉलेसचा मुलगा.

अॅलन? शेकडो वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं की त्याचे वडील म्हणजे एल्डर्स्लीचे सरदार माल्कम वॉलेस. एल्डर्स्लीत विल्यमचं स्मारकसुद्धा आहे. माणूस स्वतःच्या शिक्क्यावर बापाचं नाव चुकीचं कोरून घेईल का? आणि खरोखरच एरशायर भागात अॅलन वॉलेस नावाचा एक जमीनदार १२९६च्या कागदात सापडतो. मग हे माल्कम आले कुठून?

ते आले एका कवितेतून. 'आंधळा हॅरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीने १४७७च्या सुमारास वॉलेसवर एक भलंमोठं काव्य रचलं. वॉलेस गेला १३०५ साली, म्हणजे मध्ये जवळपास पावणेदोनशे वर्षं लोटलेली. हॅरी सांगतो की वॉलेसचा धर्मगुरू जॉन ब्लेअर याने लिहिलेल्या लॅटिन ग्रंथावरून मी हे घेतलं. तो ग्रंथ आजवर कुणाला दिसलेला नाही. आपल्याकडे बखर वाचताना अंगावर काटा येतो, पण तारीख पक्की करायची तर अस्सल पत्रच हातात घ्यावं लागतं. हॅरीचं काव्य अगदी त्या बखरीच्या जातीचं. त्यात वॉलेस फौज घेऊन थेट लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सपर्यंत धडकतो आणि इंग्लंडची राणी त्याची मनधरणी करायला येते. वाचायला बहार! पण राणी आणायची कुठून? एडवर्ड राजाची पहिली राणी १२९० साली वारली होती आणि दुसरं लग्न झालं १२९९मध्ये. ज्या काळातली ही गोष्ट, तेव्हा राजा विधुर होता.

दंतकथा वाढते कशी, तेही इथे उघड्यावर पाहायला मिळतं. लॅनार्कचा शेरीफ हेसलरिग याला वॉलेसने १२९७च्या मे महिन्यात ठार केलं, हे पक्कं. वॉलेसवर १३०५मध्ये चाललेल्या खटल्याच्या आरोपपत्रातच ते आहे. का मारलं, ते मात्र आरोपपत्र सांगत नाही. शतकभराने विंटन नावाच्या इतिहासकाराच्या लिखाणात कारण उगवतं: शेरीफने वॉलेसच्या प्रेयसीला मारलं होतं. हॅरीच्या हाती पडेपर्यंत प्रेयसीची लग्नाची बायको झालेली असते. पुढे १७२२मध्ये हॅमिल्टन नावाच्या लेखकाने हॅरीचं काव्य सोप्या भाषेत आणलं, ते वाचून पुढे कवी झालेला लहानगा रॉबर्ट बर्न्स भारावला, आणि अखेर हॉलिवूडचा पटकथाकारही हॅरीकडेच गेला. सिनेमाला पाच ऑस्कर मिळाली. हॅरीला मिळायला हवं होतं सहावं!

आता स्टर्लिंगकडे येऊ, कारण इथे सत्याने कल्पनेला सपशेल हरवलंय. फोर्थ नदीवरचा लाकडी पूल इतका अरुंद की दोन घोडेस्वार जेमतेम शेजारी शेजारी जातील. पलीकडे नदीच्या वळणात अडकलेली मऊ, पाणथळ जमीन आणि तिच्यावर नजर ठेवून असलेली टेकडी. टेकडीवर वॉलेस आणि मरे. इंग्रजांचं पायदळ पहाटेच पूल ओलांडून गेलं, आणि त्याला परत बोलावलं गेलं. का? तर सेनापती, सरेचा अर्ल, अजून झोपेतून उठला नव्हता! मग एका सरदाराने सुचवलं की जवळच पाण्याला उतार आहे, तिथून साठजण एका वेळी पार होतील, मी मागून जाऊन शत्रूला गाठतो. खजिनदार क्रेसिंगहॅमने खोडा घातला: मोहिमेवर आणखी पैसा उधळायचा नाही, पुलावरूनच चला. हे सगळं लिहून ठेवलंय ते एका इंग्रज बखरकाराने, स्वतःच्याच बाजूबद्दल.

पुढचं गणित सोपं आहे. फौज कितीही मोठी असो, पुलावरून ती दोन-दोन करूनच पलीकडे पोचणार. वॉलेस आणि मरे यांनी थांबायचं, आपल्याला झेपेल एवढाच तुकडा पलीकडे येऊ द्यायचा, आणि मग पुलाचं तोंड दाबून धरायचं. झालं! मागची फौज नुसती बघत राहिली. पलीकडचे कापले गेले, उरलेले नदीत गेले. क्रेसिंगहॅम तिथेच पडला. त्याच्या कातडीचा पट्टा वॉलेसने तलवारीसाठी करून घेतला, असं लॅनरकॉस्टच्या बखरीत आहे. बखर शत्रूच्या बाजूची, तेव्हा चिमूटभर मीठ लावूनच घ्यावी.

आणि सिनेमात या लढाईत काय नाही? पूल! लढाई सपाट मैदानात होते. दुसरी गैरहजेरी अँड्र्यू मरेची. उत्तरेत स्वतःचं बंड उभं करून आलेला, पत्रात ज्याचं नाव वॉलेसच्या आधी आहे, असा हा सेनानी स्टर्लिंगला जखमी झाला आणि काही आठवड्यांत गेला. त्याच्यावर काव्य रचणारा कुणी हॅरी भेटला नाही, एवढाच त्याचा दोष.

बाकीच्या चुका भराभर उरकू. सिनेमातला झगा, म्हणजे किल्ट, वॉलेसनंतर काही शतकांनी आला. निळा रंग त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. जिच्याशी त्याचं प्रेम जुळतं ती राजकन्या इझाबेला त्याच्या मृत्यूच्या वेळी दहा वर्षांच्या आतबाहेर होती आणि फ्रान्समध्ये होती. सिनेमा ज्याला वॉलेसचा सुचवतो, तो तिचा मुलगा जन्मला १३१२मध्ये, म्हणजे वॉलेस गेल्यावर सात वर्षांनी. शिवाय वॉलेस लढत होता तो जॉन बॅलियल या पदच्युत राजाच्या नावाने. ज्याच्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, तो रॉबर्ट ब्रूस बॅलियलच्या घराण्याचा प्रतिस्पर्धी होता.

कागद नायकाला नुसतं मोठंच करतात असंही समजू नका. १२९६ सालच्या पर्थच्या न्यायालयीन नोंदीत मॅथ्यू नावाच्या एका धर्मसेवकावर खटला आहे: त्याने एका बाईच्या घरातून तीन शिलिंगांची बिअर लुटली. सोबतीला कोण होता? 'विल्यम ले वॅलिस' नावाचा एक चोर. हाच का आपला नायक? असेलही, पण नाव तसं सर्रास आढळणारं होतं. हॅरीच्या काव्यात बिअरचा हा प्रसंग अर्थातच नाही.

२२ जुलै १२९८ला फॉल्कर्कच्या मैदानात स्वतः एडवर्ड उतरला. वॉलेसने भालाइतांची गोल कडी उभी केली होती. घोडदळ त्या भाल्यांवर आपटून मागे फिरे, पण जागेवर उभी माणसं लांब धनुष्यांच्या बाणांना आयती सापडली. कडी विरळ झाली, घोडदळ आत घुसलं, संपलं. स्टर्लिंगनंतर मिळालेलं राज्यरक्षकाचं पद वॉलेसने सोडलं.

आणि मग? मग तो फ्रान्सला गेला. ७ नोव्हेंबर १३०० रोजी फ्रान्सच्या राजाने रोममधल्या आपल्या माणसांना लिहिलं: आमचे प्रिय विल्यम वॉलेस यांचं पोपकडे जे काम असेल त्यात मदत करा. हे पत्र लंडनच्या अभिलेखागाराच्या संग्रहातलं आहे. चेहरा रंगवलेला रानगडी म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याची शिफारस युरोपातला एक बलाढ्य राजा करतोय!

ऑगस्ट १३०५मध्ये ग्लासगोजवळ तो पकडला गेला, पकडून देणारे स्कॉटिश. २३ तारखेला वेस्टमिन्स्टरच्या दरबारात डोक्यावर टिंगलीचा पानांचा मुकुट घालून त्याच्यापुढे आरोप वाचले. राजद्रोहाचा आरोप त्याने नाकारला: मी एडवर्डशी निष्ठेची शपथ कधी घेतलेलीच नाही, मग द्रोह कसला? मुद्दा बिनतोड होता. १२९६मध्ये दीड हजारांहून जास्त स्कॉट जमीनदारांनी आणि प्रतिष्ठितांनी एडवर्डपुढे मान तुकवली, त्यांची यादी आहे, आणि तिच्यात हा विल्यम वॉलेस नाही. शिक्षा त्याच दिवशी स्मिथफील्डला अमलात आली. देहाचे चार भाग न्यूकासल, बेरिक, स्टर्लिंग आणि पर्थला धाडले.

पकडला तेव्हा त्याच्याजवळ कागद होते. इंग्लंडच्या खजिन्यातल्या दस्तऐवजांची एक यादी १३२३मध्ये झाली, तिच्यात त्यांची नोंद आहे: नॉर्वेचा राजा, फ्रान्सचा राजा आणि बॅलियल यांनी दिलेली पत्रं आणि प्रवासाचे परवाने. ते परवाने गहाळ झाले. पण काही अभ्यासक म्हणतात की फ्रान्सच्या राजाचं ते १३००चं पत्र त्याच गठ्ठ्यातलं असावं. तसं असेल तर ते लंडनला पोचलं ते वॉलेसच्या अंगावरूनच.