पाय ठेवायचे कुठे?

मोटरसायकलच्या लांबच्या प्रवासात सगळ्यात आधी कुरकुरतात ते गुडघे. त्यावर उपाय दोन. फूटबोर्ड म्हणजे नेहमीच्या पेगच्या, म्हणजे पाय टेकायच्या दांडीच्या, जागी बसवलेली रुंद पाटी. तिच्यावर पाऊल पुढेमागे सरकवता येतं, रबरामुळे इंजिनाची थरथर कमी पोचते आणि ब्रेक, गिअर पायाशीच राहतात. हार्लेच्या इलेक्ट्रा ग्लाइडसारख्या टूरिंग गाड्यांवर ती कंपनीकडूनच येते. हायवे पेग मात्र मूळ पेगच्या जोडीला येतात: लेगगार्डच्या नळीवर क्लॅम्पने आवळायचे आणि पाय लांब सोडायचे.

गोम तिथेच आहे. पाय पुढे असताना मागचा ब्रेक आणि गिअर दोन्ही लांब. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर पळते. पाय जागेवर येईपर्यंत रस्त्यात आलेली म्हैस काही वाट पाहत नाही. हे सुख मोकळ्या, सरळ रस्त्याचं. आणि आपल्याकडचे तसे रस्ते, मुंबई–पुणे द्रुतगती आणि 701 किलोमीटरचा समृद्धी, दुचाकींना बंद!

फूटबोर्डचीही एक खोड आहे. घाटाच्या वळणावर गाडी कलली की त्याची कड रस्त्याला घासते. म्हणून बोर्ड बिजागरीचा, घासताच वर दुमडणारा हवा. खड्ड्यांत उभं राहून चालवणाऱ्यांना साधा पेगच बरा.

एकच घ्यायचं तर मी फूटबोर्ड घेईन. हायवे पेग बसवलेच, तर लेगगार्ड भक्कम आहे ना ते आधी पाहा आणि क्लॅम्पचे बोल्ट दर मुक्कामी तपासा.