व्हिडिओ आडवा आला तर...

हौसेने घेतलेला मुंजीचा किंवा डोहाळजेवणाचा व्हिडिओ टीव्हीवर लावावा आणि सगळी माणसे भिंतीला चिकटून आडवी झोपल्यासारखी दिसावीत, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळजणींनी घेतला असेल. घरातली मंडळी माना वाकड्या करून बघतात, जरा हसतात, आणि मग कोणीतरी म्हणते, "बिघडलाय तो. टाक पुसून." बाकी काहीही करा, पण हे ऐकू नका. व्हिडिओ बिघडलेला नसतो.

माझ्यावर ही वेळ आली ती आत्याच्या कुरडयांमुळे. मागच्या चैत्रात तिच्याकडे गेले होते तेव्हा गहू भिजवल्यापासून तिसऱ्या दिवशी चीक शिजवताना मी फोनवर सगळे टिपून घेतले. चांगली बावीस मिनिटे. आत्याचे माप वाटीत कधीच नव्हते, ते तिच्या बोटांत होते. निवळलेल्या चिकावरचे पाणी कुठवर ओतून टाकायचे, आधण पातेल्यात कुठवर हवे, ते ती बोट लावून दाखवायची आणि म्हणायची, "हे एवढं." आषाढात आत्या गेली. यंदा तिच्या लेकीने, माझ्या आतेबहिणीने, कुरडयांचा घाट घातला आणि माझ्याकडे व्हिडिओ मागितला. बघते तो आत्या आडवी, पातेले आडवे, आणि ते "एवढं" म्हणजे नक्की केवढं, हे काही केल्या उमगेना!

असे का होते ते आधी सांगते, कारण ते कळले की निम्मे काम झाले. फोनमधला कॅमेरा आत पक्का बसवलेला असतो. तुम्ही फोन उभा धरा की आडवा, तो आपल्या परीने एकाच पद्धतीने चित्र साठवतो, आणि सोबत एक चिठ्ठी ठेवतो : 'दाखवताना इतके फिरवून दाखवा.' सामानाच्या खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण छापलेला असतो ना, तसेच हे. कुठली बाजू वर आहे ते फोनला जमिनीच्या ओढीवरून कळते, आणि ही चिठ्ठी लिहिली जाते व्हिडिओ सुरू करताना. मी नेमका त्याच वेळी फोन पातेल्यावर सपाट धरला होता. सपाट फोनला वर कुठले नि खाली कुठले ते कसे कळावे? त्याने चुकीचा बाण छापला, आणि पुढे मी फोन सरळ करून आत्याच्या चेहऱ्यावर नेला तरी तो बाण काही बदलला नाही.

तेव्हा पहिले काम फिरवाफिरवीचे नाही, पारखण्याचे आहे. मूळ व्हिडिओ दोन-तीन ठिकाणी लावून बघा : फोनवर, कॉम्प्युटरवर, टीव्हीवर. सगळीकडे आडवा दिसला तर बाणच चुकला आहे. तो आपण फिरवायचा. फोनवर सरळ आणि फक्त टीव्हीवर आडवा दिसला, तर बाण बरोबर आहे, त्या टीव्हीला तो वाचता येत नाही इतकेच. पुष्कळजणी इथेच फसतात. संपादनाची बहुतेक सॉफ्टवेअर्स बाण वाचून चित्र आपोआप सरळ करून घेतात. त्यावर आपण आणखी ९० अंश फिरवले की सरळ झालेले पुन्हा आडवे! अशा वेळी काहीच फिरवू नका. व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि तसाच नवीन फाइल म्हणून बाहेर काढा. नव्या फाइलमध्ये चित्र मुळातच सरळ असते, बाणाची गरज उरत नाही.

मी शॉटकट नावाचे सॉफ्टवेअर वापरले. ते फुकट आहे, विंडोजवर चालते आणि मॅकवरही. मात्र ते त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. काहीजणींना जुना विंडोज मूव्ही मेकर आठवत असेल. त्यात फिरवण्याचे साधे बटण होते, पण मायक्रोसॉफ्टने तो २०१७ च्या जानेवारीत बंद केला. आता त्या नावाने कोणी काही देऊ केले तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

माझा पहिला प्रयत्न फसला, तोही सांगते. मी फिल्टरच्या यादीतून फिरवण्याचा फिल्टर लावला, ९० आकडा घातला. आत्या उभी राहिली खरी, पण तिचे कपाळ वरून कापले गेले, खाली पातेले अर्धेच उरले, आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे! कारण साधे होते. चौकट आडवी, १९२० रुंद आणि १०८० उंच; तिच्यात १९२० उंचीचे चित्र कसे मावणार? आडव्या फ्रेममध्ये उभा फोटो कोंबण्यासारखेच झाले.

म्हणून आधी चौकट उभी करून घ्यावी. 'सेटिंग्ज'मध्ये 'व्हिडिओ मोड' आहे, तिथे 'व्हर्टिकल एचडी' निवडा. मग व्हिडिओ उघडून 'प्रॉपर्टीज'वर जा. तिथे 'रोटेशन'चा रकाना आहे, त्यात ०, ९०, १८० आणि २७० असे आकडे मिळतात. माणसाचे डोके तुमच्या डाव्या हाताला असेल तर ९०, उजव्या हाताला असेल तर २७०, आणि खाली डोके वर पाय असतील तर १८०. चुकले तर दुसरा आकडा घालून बघायचा, त्यात काही मोडत नाही. 'फ्लिप' किंवा 'मिरर' या शब्दांपासून मात्र लांब राहा. त्याने चित्र फिरत नाही, आरशातल्यासारखे उलटते; आत्या डावरी होईल! ओळखायची खूण सांगते : आपल्याकडे भांड्यांवर नावे घातलेली असतात. पातेल्यावरचे आत्याच्या सासऱ्यांचे नाव सरळ वाचता आले, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

यानंतर 'सेव्ह' दाबून मोकळ्या होऊ नका. 'सेव्ह'ने फक्त कामाचे टिपण साठते, व्हिडिओ नाही. मी तेच इवलेसे टिपण आतेबहिणीला पाठवले आणि "अगं, उघडतच नाही," म्हणून तिचा फोन आला. तयार व्हिडिओ हवा तर 'एक्स्पोर्ट' करायचे. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला त्यासाठी इतका वेळ लागला की माझ्या पोळ्या लाटून, भाजून, वर कोशिंबीरही झाली. मध्ये बंद करू नये.

नुसते एकदा बघायचे असेल तर इतका खटाटोप नको. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'टूल्स', त्यात 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स', मग 'व्हिडिओ इफेक्ट्स', तिथे 'जॉमेट्री', आणि 'ट्रान्सफॉर्म'समोर बरोबरची खूण. चित्र फिरेल, पण फक्त बघण्यापुरते. फाइल आहे तशीच राहते. बघून झाल्यावर ती खूण काढा. विसरलात तर रविवारचा सिनेमाही आडवा बघावा लागेल. व्हिडिओ फोनमध्येच असेल तर गूगल फोटोजमध्ये 'एडिट' आणि 'क्रॉप' उघडल्यावर फिरवण्याची खूण दिसते. लहानसहान व्हिडिओला तेवढे पुरते.

मूळ व्हिडिओ कधीही पुसू नये, नवा कितीही छान झाला तरी. दर वेळी नव्याने काढलेल्या फाइलमध्ये चित्राचा थोडा तजेला कमी होतो. दुधात पुन्हा पुन्हा पाणी घालण्यासारखेच ते. मी मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर आणि दुसरी प्रत कॉम्प्युटरवर ठेवली आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा झाला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एरवी तो आकसून जातो, आणि आत्याच्या बोटाखालची पाण्याची रेघ पुसट झाली तर काय उपयोग?

आता मी कुठलाही व्हिडिओ सुरू करताना फोन आधी समोर सरळ धरते, पडद्यावरच्या खुणा उभ्या झाल्या की बटण दाबते आणि मगच पातेल्यावर नेते.

आतेबहिणीने तो बावीस मिनिटांचा व्हिडिओ ओट्याशी फोन उभा करून लावला. आधण बोटाच्या दोन पेरांइतके हवे होते, ती तीन पेरे धरून बसली होती. कुरडया चाळणीवर पांढऱ्याशुभ्र वाळल्या. पहिल्या घाण्यातल्या चार तिने माझ्यासाठी डब्यात घालून ठेवल्या आहेत.