घरबसल्या उद्यानविद्येचे शिक्षण



हातकणंगले तालुका म्हणजे उसाचा तालुका. पंचगंगा आणि वारणा या दोन नद्यांच्या पाण्यावर येथील शेती उभी आहे. तरीही उसाच्या जोडीला दहा-वीस गुंठे पेरू, केळी, पपई किंवा भाजीपाला करावा, असा विचार अनेकजण बोलून दाखवतात. विचार चांगला आहे. पण फळबागेतील चूक महाग पडते. उसाची लागण चुकली तर पुढच्या हंगामात सुधारता येते. फळझाडाची जमीन, जात किंवा अंतर चुकले तर ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळते, आणि तोपर्यंत खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून लागवडीपूर्वी शिक्षण घेणे फायद्याचे ठरते.

शेत सोडून शिकायला जायचे कसे?

ही अडचण खरी आहे. तिचे एक उत्तर आपल्याच तालुक्यात जन्मलेल्या माणसाने दिले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग दाखविला. दूरशिक्षण हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाले. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग विकास कार्यक्रम सुरू झाला. फळबागांचे क्षेत्र वाढू लागले आणि बागेची शास्त्रीय माहिती असणाऱ्यांची गरजही वाढली. मुक्त विद्यापीठाच्या कृषिविज्ञान विद्याशाखेने फळबाग, भाजीपाला, फुलशेती आणि माळीकाम या विषयांचे शिक्षण मराठीतून शेतकऱ्यांपर्यंत नेले. पुस्तके घरी वाचावयाची, ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जावयाचे, प्रात्यक्षिके करावयाची आणि शेवटी परीक्षा द्यावयाची, अशी ही पद्धत आहे.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

येथे सावध राहणे जरूर आहे. दूरशिक्षणाने देऊ नयेत अशा पदव्यांच्या यादीत विद्यापीठ अनुदान आयोगाने कृषि व उद्यानविद्या या विषयांचा समावेश केला आहे. त्यामुळे ‘घरबसल्या कृषि पदवी’ अशी जाहिरात दिसल्यास पैसे भरू नका. प्रमाणपत्र किंवा पदविका घ्यावयाची असल्यास मुक्त विद्यापीठाच्या कोल्हापूर विभागीय केंद्रात पुढील गोष्टी विचारून घ्या :

१) यंदा कोणत्या अभ्यासक्रमास प्रवेश चालू आहे?
२) शिक्षणाची अट, कालावधी आणि एकूण शुल्क किती?
३) प्रात्यक्षिके कोठे व किती दिवस होतात?
४) प्रमाणपत्र नोकरीस किंवा परवान्यास चालते का?

प्रात्यक्षिकाची सोय नसेल, तर तेथे प्रवेश घेण्याची घाई करू नका.

पुस्तक आणि बांध यांची सांगड

घरच्या अभ्यासात मोठा धोका असा, की पुस्तक वाचून होते आणि हात कोरडेच राहतात. म्हणून प्रत्येक पाठानंतर शेतात एक काम करा.

जमिनीचा पाठ वाचला की तीन फूट खोल खड्डा घ्या. प्रत्येक फुटाच्या थराचा नमुना वेगळा भरून तपासणीस द्या. उसासाठी वरच्या थराचा नमुना पुरतो. फळझाडाच्या मुळ्या खोल जातात. खाली चुनखडी, क्षार किंवा साठलेले पाणी आढळले, तर बाग लावण्याआधीच तुमचे नुकसान टळले असे समजा.

लागवडीच्या पाठानंतर हिशेब मांडा. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर. पेरू ६ × ६ मीटरवर लावल्यास १११ झाडे बसतात; ३ × २ मीटरवर ६६६. झाडे सहापट झाली की रोपांचा खर्च आणि छाटणीची मजुरीही वाढते. ती झेपेल काय, हे कागदावरच ठरवा.

अभिवृद्धीच्या पाठानंतर पावसाळ्यात पेरूच्या किंवा डाळिंबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांवर दहा गुट्या बांधा. सुमारे एक इंच साल गोलाकार काढावी, ओले शेवाळ लावावे आणि प्लॅस्टिकने घट्ट बांधावे. दीड-दोन महिन्यांत किती गुट्यांना मुळ्या फुटल्या, ते वहीत लिहा. न लागलेल्या गुट्यांचे कारण शोधणे हाच खरा अभ्यास.

वेळेचे नियोजन

रोज एक तास पुरे. पण तो ठरलेला असावा. शक्य असल्यास गावातील चार-पाच जणांनी एकत्र वाचन करावे. घरातील भगिनींनीही प्रवेश घ्यावा. रोपवाटिका आणि परसबाग बहुधा त्यांच्याच हाताखाली असते. अडलेले प्रश्न वहीत टिपून तळसंदे येथील कृषि विज्ञान केंद्रात किंवा कोल्हापूरच्या कृषि महाविद्यालयात न्यावेत. तुमची वही पाहिली की सांगणाऱ्यालाही नेमके सांगता येते.

प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, त्याचा आनंद आहेच. पण तीन फुटांचा खड्डा पाहून ‘येथे बाग नको’ असे ज्या दिवशी तुम्ही स्वतः ठरवाल, त्याच दिवशी शिक्षणाचा खर्च वसूल झाला असे समजावे.