ग्रीक शब्दविचार : पोटाची सक्ती

प्राचीन ग्रीकमधल्या ‘गास्तेर’ या शब्दाचा अर्थ पोट; पण होमरकडे त्याचा पल्ला मोठा आहे. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात आगामेम्नॉन ट्रॉयमधला आईच्या गास्तेरमधला जीवही वाचू नये असे म्हणतो, तिथे तो गर्भाशय. ‘ओडिसी’च्या अठराव्या सर्गात भिकाऱ्यांच्या झुंजीसाठी बक्षीस लागते ते चरबी आणि रक्त भरलेल्या बकऱ्याच्या गास्तेरचे, तिथे तो खाद्यपदार्थ. याखेरीज भुकेचे पोट आहेच, आणि ग्रीकांनी त्याला तुच्छ मानले असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. हा शब्द शिवी ठरतो की माणसावरच्या सक्तीची कबुली, हे बोलणारा कोण यावर ठरते.

तुच्छतेचे उदाहरण हेसिऑडच्या ‘थिऑगनी’त आहे. हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी म्यूझ देवता मेंढपाळांना ‘नुसती पोटे’ म्हणून हिणवतात. पण या अमर देवता. अन्नासाठी राबणे त्यांच्या वाट्याला आलेलेच नाही. ‘ओडिसी’त भिकाऱ्याच्या सोंगात असलेला ओडिसिअस याच पोटाबद्दल बोलतो तेव्हा सूर पालटतो. पोट शापित आहे, निर्लज्ज आहे, हे तो मान्य करतो. पण त्याच्यापायीच माणसे जहाजे सज्ज करून समुद्रापार शत्रूवर चालून जातात, असेही सांगतो. इथे पोट एका माणसाचा दुर्गुण न राहता युद्धाचे कारण होते.

यावर आक्षेप येईल की हे भिकाऱ्याच्या सोंगातले बोलणे आहे. पण ‘ओडिसी’च्याच सातव्या सर्गात तो सोंगात नाही. राजा अल्किनूससमोर तो नाव न सांगितलेला पाहुणा आहे, आणि तिथेही म्हणतो की मन दुःखाने भरलेले असताना पोट आपली आठवण सक्तीने करून देते. ‘इलियड’च्या एकोणिसाव्या सर्गात तर तो सेनानी आहे. मारला गेलेला मित्र पॅट्रोक्लस याच्या शोकात अकिलीस सैन्याला उपाशीच लढायला नेऊ पाहतो, तेव्हा ओडिसिअस बजावतो की मेलेल्याचा शोक पोटाने करता येत नाही. हे उपाशी सैन्याच्या बाजूने केलेले बोलणे आहे.

दुसरा आक्षेप प्लेटोच्या आधारे घेता येईल. गास्तेरपासून बनलेला खादाडपणाचा शब्द ‘गास्त्रिमार्गिआ’ त्याच्या ‘तिमायस’मध्ये येतो, अन्न चटकन पुढे जाऊन मानवजात सतत खात राहू नये आणि तत्त्वज्ञानाला मुकू नये, म्हणून आतड्यांना वेटोळी दिली असे तिथे म्हटले आहे. पण त्याच ग्रंथात, मर्त्य माणूस असायचा तर अन्नपाण्याची वासना असलेला आत्म्याचा भाग पोसणे अनिवार्य, असेही तो मानतो. खादाडपणाची निंदा करणाऱ्यालाही पोटाची सक्ती नाकारता आली नाही.

म्हणून गास्तेरचा अनुवाद सरसकट ‘हावरेपणा’ करणे अन्यायाचे आहे. त्याने भुकेल्याचे म्हणणे पुसले जाते आणि तृप्तांचा निवाडा तेवढा उरतो. पुढच्या आठवड्यात ‘कोइलिया’ या दुसऱ्या पोटवाचक शब्दाचा विचार करू.